‘राहून गेलं’ असं लिहायचं नाही

माझं पहिलं लेखन नापास झालं ते महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, ओव्हाळ सरांच्या टेबलावर. लेखन कसलं, एका तक्रारीचा रिपोर्ट. आमच्याकडे प्रेसखाली पत्रा दाबून ब्रॅकेट बनायचे. प्रत्येक ब्रॅकेटला दोन नट वेल्ड करायचे असत आणि कस्टमरकडे गेलेल्या एका ब्रॅकेटला एकच नट निघाला होता. मी लातूरहून इंजिनिअर होऊन आलेली, क्वालिटी खात्यात नवीकोरी. मोठ्या झोकात लिहिलं, ‘दुसरा नट वेल्ड करायचा राहून गेला.’

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“मॅडम, हा नट राहून गेला म्हणजे नक्की कुठे राहिला? पाहुण्यांकडे?”

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, “सर, म्हणजे लावायचा विसरला.”

“कोण विसरला?”

“ऑपरेटर.”

“त्याला विचारलंत?”

“नाही.”

“मग विचारून या. आणि एक ध्यानात ठेवा. कुठलीही गोष्ट आपणहून राहून जात नाही. कोणीतरी ती करत नाही. ते कोणीतरी वाक्यात आलं पाहिजे.”

रागारागातच लाइनवर गेले. तिथे कळलं की ऑपरेटर काही विसरला नव्हता. नटांची पेटी रिकामी झाली होती, ती भरणाऱ्या माणसाला सुपरवायझरने दुसऱ्या लाइनवर पाठवलं होतं, आणि मशिन असं की नट नसला तरी खुशाल चालत राहायचं. माझ्या ‘राहून गेला’खाली इतकं सगळं झाकलेलं होतं. पुढे त्या मशिनला सेन्सर बसला, नट नसेल तर ते थांबायला लागलं, आणि ऑपरेटरला कोणी एक शब्द बोललं नाही.

त्या दिवसापासून ‘राहून गेलं’ला आमच्या खात्यात बंदी आहे हे मला समजलं. ‘निष्काळजीपणा’लाही होती. सर म्हणत, “निष्काळजीपणा मोजता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. मग लिहून काय उपयोग?” ‘साधारण’, ‘बऱ्यापैकी’, ‘योग्य ती काळजी’ हे शब्द दिसले की त्यांच्या खिशातलं लाल पेन बाहेर यायचं. त्याच खिशात स्टीलची छोटी मोजपट्टी असायची. रविवारच्या शर्टातसुद्धा.

सर पिंपरीतल्या कामगार वस्तीत वाढलेले. वडील फाउंड्रीत होते. सर डिप्लोमा करून प्रेस शॉपला लागले आणि तिथेच चढत चढत क्वालिटी मॅनेजर झाले. कानात बोळे घालायची सक्ती यायच्या आधीची नोकरी, त्यामुळे प्रेसच्या धडधडीत डावा कान गेला होता. काम असणारा माणूस न सांगता त्यांच्या उजवीकडे उभा राहायचा. नव्याला आम्ही पहिल्या दिवशी कॅन्टीन कुठे आणि सरांचा चालू कान कुठला, एवढं सांगत असू. स्वतःचा आवाज किती चढलाय ते त्यांना कळायचं नाही. गुपित म्हणून सांगितलेली गोष्ट पॅकिंगपर्यंत ऐकू जायची.

त्यांचा आणखी एक नियम मला सुरुवातीला निव्वळ छळवाद वाटे. कारण शोधलं, दुरुस्ती केली, तरी तक्रार क्लोज व्हायची नाही. ज्याची तक्रार त्याची सही आली की क्लोज. तोवर ती भिंतीवरच्या फळ्यावर ‘ओपन’ म्हणून लटकायची. ऑडिटच्या आधी मी एकदा कुरकुरले, “सर, आपलं काम तर संपलंय ना?” ते म्हणाले, “काम आपलं संपलं. त्रास त्याचा संपला की नाही ते तो सांगेल.” मी त्या सहीसाठी चाकणचा ट्रॅफिक तुडवत कस्टमरच्या गेटवर ताटकळत बसायची आणि मनातल्या मनात सरांना शिव्या घालायची.

हा माणूस रुक्ष होता असं म्हणणारे पुष्कळ होते. मीही त्यातलीच. मग संतोषच्या रजेचा प्रकार घडला. संतोष बीडकडचा ऑपरेटर. त्याने अर्ज लिहिला, ‘काही अपरिहार्य कारणास्तव’. प्रॉडक्शनच्या साहेबांनी दोनदा परत पाठवला. तो रडकुंडीला येऊन सरांकडे आला.

“संतोष, अपरिहार्य म्हणजे काय रे?”

“आता घरचं काम हाय म्हणून लिहिलंय, साहेब.”

“घरचं कुठलं?”

संतोषने मान खाली घातली. “लेकरू झालंय, साहेब. आजून बघितलं न्हाई म्या.”

“मग हेच लिही की.”

“असं लिहित्यात व्हय अर्जात?”

“झालंय ना? बघितलं नाहीस ना? मग लिही.”

त्याने लिहिलं, ‘मला मुलगी झाली आहे. मी तिला अजून बघितलेलं नाही. तिला बघायला जायचं आहे.’ तासाभरात रजा मंजूर झाली. साहेब स्वतः लाइनवर येऊन त्याला पेढे आण म्हणाले. मी तो अर्ज नंतर फाइलमध्ये वाचला आणि बराच वेळ फाइल मिटली नाही. तीन साधी वाक्यं, एक विशेषण नाही, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. कॉलेजात मी कविता करत असे, त्यातल्या एकीलाही हे जमलं नव्हतं.

सरांच्या सोसायटीत, चिखलीला, लिफ्ट बंद पडली की सूचना तेच लावायचे. ‘लिफ्ट बंद आहे. दोर झिजला आहे. नवा मंगळवारी येईल. न आल्यास बुधवारी मी नवी सूचना लावीन. ओव्हाळ.’ आधीचे सेक्रेटरी ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ लिहायचे. सरांना त्याचा फार राग. “क्षमस्व, क्षमस्व! कोण क्षमा मागतंय? नाव कुठाय?” म्हणून ते जिन्यात ओरडायचे आणि ते सेक्रेटरींना घरात ऐकू जायचं.

काही वर्षांनी मी नोकरी सोडली आणि एका साप्ताहिकात लिहायला लागले. वाचक म्हणतात, तुमची वाक्यं छोटी असतात. कोणी त्याला शैली म्हणतं. शैलीबिली काही नाही, लाल पेनाची भीती आहे ती. माझा पहिला लेख छापून आला त्या सकाळी सरांचा फोन.

“वाचला. दुसऱ्या परिच्छेदात ‘प्रचंड गर्दी’ लिहिलंय. किती?”

“सर, कंपनीच्या बसला होती. मोजणार कशी?”

“मोजू नका. बघितलं काय ते सांगा.”

“माणसं एकमेकांच्या पायावर उभी होती. एकाचा डबा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला होता.”

“मग ते लिहायचं ना. ‘प्रचंड’ कशाला लिहिता?” आणि फोन ठेवला. लेख बरा होता की वाईट, ते अजूनही सांगितलेलं नाही.

पण सरांचं चित्र विमलकाकूंशिवाय पुरं होत नाही, आणि खरं तर हे सगळं लिहायला घेतलं ते काकूंसाठीच. काकू आंबेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. शाळा सातवीपर्यंत. आवाज सरांपेक्षा मोठा, कारण सरांना ऐकवून ऐकवून तो तसाच झालेला. जेवायला त्या कायम सरांच्या उजवीकडे बसायच्या. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा म्हणाल्या, “पोरी, तुमच्या सायबाला ‘छान झालंय’ म्हनता येत न्हाई. मीठ बराबर हाय म्हंत्यात. आता काय करायचं ह्या मान्साचं?” सर खाली मान घालून जेवत होते. “बराबर आहे म्हणजेच छान आहे,” ते म्हणाले.

काकूंना एकच हौस होती. त्यांना कंपनी बघायची होती. “ज्या मशिननं माझ्या मान्साचा कान खाल्ला, ती मला येकदा बघायची हाय. दिसती तरी कशी?” हे त्या मला प्रत्येक भेटीत म्हणायच्या. अवघड काहीच नव्हतं. आमच्याकडे दर वर्षी फॅमिली डे असायचा. त्या दिवशी बायकामुलांना बसने आणत, शॉप फिरवत, जेवण देत, आणि लॉनवर खेळ घेत. शिपायापासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांच्या घरची माणसं येत. विमलकाकू कधी आल्या नाहीत. कारण त्या दिवशी सर ड्युटीवर असत. कोणीतरी लाइन सांभाळायला हवीच ना, असं आम्हाला वाटे. सर किती चांगले, आपल्याला मोकळं करतात, असंही वाटे.

मग, मी कंपनीत असतानाच, मालाचा एक लॉट कस्टमरकडून परत आला. प्रेसवरचा साचा बदलला की पहिला पीस मोजून पास करायचा आणि मगच लाइन चालू करायची, हा खुद्द सरांचा नियम. एका संध्याकाळी माल अर्जंट होता, पहिला पीस सरांच्या हातात आला, आणि त्यांनी तो नुसता डोळ्यांनी बघून सही केली. भोक सरकलेलं होतं. अख्खा लॉट वाया गेला. सरांचं प्रमोशन तोंडावर आलेलं. प्लांट हेड भला माणूस. त्याने रिपोर्टचा मसुदा स्वतः करून पाठवला आणि त्यात लिहिलं, ‘कामाच्या घाईत पहिल्या पीसची मोजणी राहून गेली.’ सरांनी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, ‘पहिला पीस मी मोजला नाही. न मोजता सही केली.’

मी तेव्हा त्यांच्याशी भांडले. “सर, दोन्हीचा अर्थ एकच आहे!”

“एकच असता तर साहेबांनी मसुदा स्वतः करायची तसदी घेतली नसती.”

प्रमोशन गेलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकजण त्यांचा साहेब झाला आणि सर त्याच्या उजवीकडे नव्हे, डावीकडे उभे राहायला लागले, म्हणजे त्याचं बोलणं चालू कानात पडावं. मी हळहळत घरी गेले तेव्हा काकू भाकऱ्या थापत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावर भाकरी उलटत म्हणाल्या, “कंपनीच्या कागदावर बरं ‘मी’ म्हनता येतं ह्यांना. घरी इचारलं का, अवो फॅमिली डेला मला का न्हेलं न्हाई, तर म्हंत्यात, अगं, राहून गेलं.”

सर समोरच होते. उजवा कान आमच्याकडे होता. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि बाहेर जाऊन बसले.

सर रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी काकू गेल्या. आजार कळला आणि पावसाळा संपायच्या आत संपलं सगळं. अंत्यविधीला मी गेले होते. त्यांचा मुलगा प्रशांत तिथे मला प्रथमच नीट भेटला. त्याचं चिखलीतच छोटं वर्कशॉप आहे, दोन मशिनं टाकलीयत. धीराने सगळ्यांचं बघत होता, पण सरांशी बोलला की डावीकडून. मला आधी वाटलं, गडबडीत होत असेल. मग लक्षात आलं की तो मुद्दाम तिकडून बोलतोय. बोलल्याचं समाधान, आणि ऐकू गेलं नाही तर त्याची जबाबदारी नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “प्रशांत, अरे, आत्ता तरी.”

तो म्हणाला, “मॅडम, आईला कंपनी बघायची होती, तुम्हाला माहितीय. पप्पांना तिची लाज वाटायची. म्हणून नाही नेलं. मी लहानपणापासून बघतोय. एकदा तोंडाने कबूल करू दे, मग मी कुठल्याही बाजूने बोलीन.”

मला त्याचा रागच आला. ओव्हाळ सरांना लाज? मी ठामपणे म्हणाले की तसं काही नसणार. तो फक्त हसला.

वर्ष होत आलं तेव्हा सरांचा फोन आला. काकूंच्या पहिल्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, विहाराच्या हॉलमध्ये. चार लोक काकूंबद्दल बोलणार होते, आणि सर एक पान लिहून वाचणार होते. “जरा तपासून द्या,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही तपासायला दिलं. मी गेले. घर नीटनेटकं होतं, फक्त जेवायच्या टेबलाजवळची उजवीकडची खुर्ची रिकामी ठेवलेली. सर म्हणाले, “प्रशांत येणार आहे, पण माझं वाचन सुरू झालं की उठून जाईल, असं सुनेला म्हणालाय. त्याने शेवटपर्यंत बसावं असं पान झालं पाहिजे.”

पान रिपोर्टच होता. नाव, गाव, शाळा. ‘विमलची भाकरी कडेपासून मध्यापर्यंत एकसारख्या जाडीची असे. मी एकदा मोजली होती. तिने मोजपट्टी धुऊन परत दिली.’ मी हसले आणि मग हसता येईना. खाली लिहिलं होतं, ‘तिला कंपनी बघायची होती. ते राहून गेलं.’ त्यातलं ‘ते राहून गेलं’ लाल पेनाने खोडलेलं होतं, आणि पुढे:

‘मी तिला कंपनी दाखवली नाही. का? फॅमिली डेला मी ड्युटीवर असे. का? ड्युटीचा तक्ता मी करत असे आणि त्यात माझं नाव मीच लिहीत असे. का? मला तिला तिथे न्यायचं नव्हतं. का?’

बिघाडाचं मूळ सापडेपर्यंत ‘का’ विचारत जायचं, ही कारखान्यातली नेहमीची रीत. सरांनी ती आम्हाला घोटून घोटून शिकवली होती. शेवटच्या ‘का’पुढे पान कोरं होतं.

तेव्हा मला प्रशांतचं हसणं आठवलं. मी हळूच म्हटलं, “सर, ‘मी दाखवली नाही’ इथे थांबलात तरी चालेल. लोक समजून घेतील.”

“चालेल, की बरोबर होईल?”

मी पान त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी कागदाची घडी घालून मोजपट्टीच्या खिशात ठेवली.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. वंदना झाली, शेजारणी बोलल्या, काकूंच्या आवाजाची एकीने नक्कल केली तेव्हा सगळे हसून रडले. प्रशांत मागे दाराजवळ उभा होता, चपला पायात घालूनच. सर उठले आणि वाचायला लागले. भाकरीच्या वाक्याला बायका हसल्या. मग ‘मी तिला कंपनी दाखवली नाही’ आलं. सर एकेक ‘का’ वाचत गेले. रिपोर्ट वाचताना वाचायचे त्याच आवाजात. शेवटचा ‘का’ वाचला आणि थांबले. कागद उलटा करून पाहिला, जणू तिकडे काही असेल. मग म्हणाले, “एवढंच लिहून झालंय,” आणि खाली बसले.

प्रशांत गेला नव्हता.

लोक जेवून पांगले. आम्ही काही जण खुर्च्या गोळा करत होतो. सर पुढच्या रांगेत एकटेच बसलेले. प्रशांत चालत आला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, समोर.

“पप्पा, शेवटचा ‘का’ राहिला.”

“राहिला नाही,” सर म्हणाले. “मी लिहिला नाही.”

“मग सांगा.”

सरांना वाटलं असावं की ते हळू बोलताहेत. पण हॉलमध्ये आम्ही जितके होतो तितक्यांनी ते ऐकलं. “मला लाज वाटायची. तिची. साहेबांच्या बायका लॉनवर इंग्रजीत बोलायच्या. ती व्हय-न्हाई बोलायची, मोठ्याने बोलायची. मी कसल्या घरातून आलो ते त्या लोकांत कोणाला माहीत नव्हतं. ती बोलली असती तर कळलं असतं. म्हणून मी तिला नेलं नाही.”

माझ्या हातात दोन खुर्च्या होत्या. त्या खाली ठेवायचंही मला सुचेना. मला सरांचा फार राग आला, आणि तितकंच त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

प्रशांतने डोळे पुसले. “मला माहीत होतं. आईलापण माहीत होतं. फक्त तुमच्या तोंडून पायजे होतं.” मग नाक ओढत, जरा हसत म्हणाला, “चला, झालं. आता करा क्लोज.”

सरांनी मान हलवली. “तुझ्या सहीने नाही होत, प्रशांत. तक्रार तिची होती.”

 बाहेर टेम्पोवाला खुर्च्यांसाठी हॉर्न देत होता.

“मग राहू द्या ओपन,” प्रशांत म्हणाला. माझ्या हातातली एक खुर्ची त्याने घेतली, उघडली, आणि सरांच्या उजवीकडे ठेवून तिच्यावर बसला.